तोंडाला वास येतो? लाज सोडा, कारण शोधा



ताप आला, पोट दुखले, पाठ धरली, तर आपण चारचौघांत बोलतो. तोंडाला वास येतो हे मात्र कोणी बोलत नाही. रविवारी विहारात वंदना झाली की बायका बीपीचे, शुगरचे विचारतात. सगळे उठून गेले की मागे राहिलेली एखादी बहीण पदर तोंडाला लावून हळूच म्हणते, "ताई, माझ्या तोंडाला लई वास येतो. मालक तोंड फिरवतात." कॉलेजातली मुलगी सांगते की ती वर्गात हसतच नाही. हा त्रास जिवावर बेतणारा वाटत नाही, म्हणून त्यावर उपचारही होत नाहीत. माणूस मात्र आतल्या आत मिटत जातो.

अलीकडे आणखी एक प्रश्न येऊ लागला आहे. मेडिकलवर 'प्रोबायोटिक' नावाची पुडी मिळते, ती घेतली तर वास जातो का? दही-ताक खाल्ले तर चालेल का? या पाठात त्याचे सरळ उत्तर देऊ. दही-ताकाची मदत होते, पण ते दुसऱ्या क्रमांकाचे काम आहे. पहिला क्रमांक कशाचा, ते आधी समजून घेऊ.

वास जातीचा नसतो, जंतूंचा असतो

आपल्या समाजाला 'वास' हा शब्द इतरांपेक्षा जास्त झोंबतो, आणि त्याला कारण आहे. ज्यांना पाणवठ्यावर येऊ दिले नाही, त्यांनाच अस्वच्छ म्हणून हिणवले गेले. आधी पाणी तोडायचे आणि मग "हे लोक घाणेरडे" म्हणायचे, अशी ती रीत होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते माणूस म्हणून आपला हक्क सांगण्यासाठी. आजही कोणी 'वास येतो' म्हटले की ते जुने हिणवणे आपल्या कानात वाजते आणि आपण गप्प होतो.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करू. तोंडाचा वास जातीवर, रंगावर किंवा ताटात काय आहे यावर ठरत नाही. जिभेवर आणि दातांच्या फटीत राहणारे काही जंतू अन्नातली, लाळेतली आणि मेलेल्या पेशींची प्रथिने कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू तयार होतात. त्यातला एक हायड्रोजन सल्फाइड, म्हणजे सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू. जंतूला प्रथिन मटणातले आहे, डाळीतले आहे की दुधातले, याच्याशी देणेघेणे नाही. ज्याचे तोंड साफ नाही, त्याच्या तोंडाला वास येतो. तो वाड्यातला असो की वस्तीतला, शाकाहारी असो की मांसाहारी.

तेव्हा लाज टाकून द्या, पण त्याबरोबर आजार झाकू नका. वास ही शरीराने दिलेली खूण आहे. ती वाचता आली पाहिजे.

वास येतो कुठून?

"पोट साफ नाही म्हणून वास येतो" हे आपल्याकडचे ठरलेले उत्तर. मग एरंडेल घ्या, चूर्ण घ्या, जुलाब घ्या. खरे म्हणजे ज्यांना कायम वास येतो अशा दहापैकी आठ-नऊ जणांत त्याचे मूळ तोंडातच असते. पोटामुळे येणारा वास क्वचित असतो.

तोंडात तीन जागा महत्त्वाच्या आहेत.

पहिली, जिभेचा मागचा भाग. तिथे पांढरट-पिवळा थर साचतो. ब्रश तिथपर्यंत पोचत नाही आणि जंतू आरामात वाढतात.

दुसरी, हिरड्या. दात आणि हिरडी यांच्या सांध्यात कीट साचून दगडासारखे कडक होते. हिरडी सुजते, ब्रश लावला की रक्त येते. पुढे हिरडी दातापासून सुटते, तिथे खिसा तयार होतो आणि त्यात पू साचतो. याला आपण पायरिया म्हणतो. हा वास ब्रशने जात नाही, कारण ब्रश त्या खिशात शिरतच नाही.

तिसरी, किडलेले दात, तुटलेली मुळे आणि रात्री न काढलेली कवळी.

याशिवाय तोंड कोरडे पडले की वास वाढतो. लाळ म्हणजे तोंडातले वाहते पाणी, ती जंतूंना धुऊन नेते. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. तो तोंड धुतल्यावर जातो, त्याची काळजी नको. दिवसभर पाणी न पिणारे, तोंड उघडे ठेवून झोपणारे आणि काही गोळ्या रोज घेणारे यांची लाळ दिवसाही कमी असते.

आधी स्वतः तपासा

तोंडावर हात धरून फुंकले तर स्वतःचा वास नीट कळत नाही, नाकाला त्याची सवय झालेली असते. त्यापेक्षा हे करा. मनगटाची आतली बाजू जिभेने चाटा, दहा सेकंद वाळू द्या आणि हुंगा. किंवा स्टीलच्या चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडा आणि चमचा हुंगा. सगळ्यात खरे उत्तर घरातले विश्वासाचे माणूस देते. त्याला सरळ विचारा.

मग उजेडात आरसा घेऊन पाहा. हिरड्या लाल, सुजलेल्या आहेत का? दातांच्या मुळाशी पिवळा-काळा कडक थर आहे का? दात हलतो का? गालाच्या आत, जिभेखाली, ओठाच्या आत पांढरा किंवा लाल डाग आहे का? महिन्यातून एकदा असे पाहायला दोन मिनिटे लागतात.

काही जणांना वास नसतानाही आपल्या तोंडाला वास येतो असे सारखे वाटते. कोणी नाकाला हात लावला तरी त्यांना ते आपल्यामुळेच वाटते. लहानपणी फार हिणवले गेलेल्या माणसाचे असे होऊ शकते. घरच्यांनी आणि डॉक्टरांनी तपासून "वास नाही" सांगितले आणि तरी मनाला पटत नसेल, तर समुपदेशकाकडे जावे. यात वेड लागल्यासारखे काही नाही.

मिश्री : दात घासायच्या नावाखाली तंबाखू

आपल्या जिल्ह्यात तोंडाच्या वासाचा विषय मिश्रीशिवाय पुरा होत नाही. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची आणि बोटाने दातांवर चोळायची. सकाळी एकदा, मग जेवणानंतर, मग काम थांबले की. आई लावते, म्हणून लेकही लावते. "दात दुखायचा राहतो, परसाकडे साफ होते" ही कारणे आम्ही रोज ऐकतो. तंबाखूतल्या निकोटिनमुळे तेवढ्यापुरते बरे वाटते. दातातली कीड मात्र वाढतच राहते.

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या २६.६ टक्के प्रौढांच्या वापरात तंबाखू आढळली. स्त्रियांमध्ये हे प्रमाण १७ टक्के होते. आपल्या राज्यात विडी-सिगारेट ओढणाऱ्यांपेक्षा तोंडात तंबाखू ठेवणारेच कितीतरी जास्त आहेत.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारने १९९२ साली बंदी केली. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते. तिथे कायदा पोचत नाही, तिथे आपणच पोचायला हवे.

मिश्रीने तोंड कोरडे पडते, हिरड्या दातापासून सुटतात, मुळे उघडी पडतात आणि वास कायमचा मुक्कामाला येतो. बाई वास जावा म्हणून पुन्हा मिश्री लावते. हे चक्र तोडल्याशिवाय दही, बडीशेप, लवंग, कशाचाही उपयोग होत नाही.

गरोदर बहिणींनी तर हे नीट वाचावे. मुंबईतल्या स्त्रियांवर झालेला एक अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या तंबाखू वापरणाऱ्या बहुतेक स्त्रिया मिश्रीच लावत होत्या. त्यांच्या बाळांचे जन्माचे वजन इतरांपेक्षा सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही जास्त होते. म्हणजे मिश्रीचा हिशेब पोटातल्या बाळालाही चुकवावा लागतो.

पंचशीलातले पाचवे शील आपण दर वंदनेला म्हणतो आणि दारूपासून दूर राहायचे ठरवतो. मनाला आणि शरीराला बांधून ठेवणारी तंबाखूही त्याच रांगेत बसवायला हवी, असे आम्हाला वाटते. सोडताना पहिले काही दिवस चिडचिड होते, डोके दुखते, शौचाला त्रास होतो. ते हळूहळू कमी होते. तलफ आली की पाच मिनिटे कामात हात गुंतवा, पाणी प्या, बडीशेप चावा. १८००-११-२३५६ या सरकारी क्रमांकावर तंबाखू सोडण्यासाठी मोफत सल्ला मिळतो.

आधी साफसफाई

भगवान बुद्धांनी भिक्खूंना दंतकाष्ठ, म्हणजे दात घासायची काडी वापरायला सांगितली, ही गोष्ट विनयपिटकात आहे. अंगुत्तर निकायातल्या एका छोट्या सुत्तात काडी न वापरण्याचे पाच तोटे सांगितले आहेत. तोंडाला दुर्गंधी येणे आणि अन्नाची चव न लागणे हे त्यातलेच. अडीच हजार वर्षांपूर्वी संघाच्या शिस्तीत दातांना जागा होती. म्हणजे तोंडाची स्वच्छता हे मोठ्या लोकांचे चोचले नव्हेत, तो आपल्याच परंपरेतला नेम आहे.

रोज एवढे करा.

सकाळी आणि रात्री झोपताना दोन-दोन मिनिटे मऊ ब्रशने दात घासा. त्यातही रात्रीचे घासणे जास्त गरजेचे. फ्लोराइडची साधी पेस्ट हरभऱ्याएवढी पुरते, महागडी लागत नाही. लहान लेकरांना तांदळाच्या दाण्याएवढीच द्या. ब्रशचे केस फाकले की ब्रश बदला. एका घरात एकच ब्रश सगळ्यांनी वापरू नका. ब्रश नसेल तेव्हा कडुनिंबाची काडी चावून मऊ करून वापरा, जोर लावून घासू नका. राखुंडी, कोळसा, विटेचा चुरा, जाडे मीठ यांनी दात झिजतात.

मग जीभ. स्टीलच्या चमच्याची कड किंवा जीभ साफ करायची पट्टी मागून पुढे चार-पाच वेळा हलकेच ओढा. ओकारी येते तोवर आत जाऊ नका. अनेकांचा वास या एका सवयीनेच निम्म्यावर येतो.

काहीही खाल्ले की चूळ भरा. हिरड्या दुखत असतील तर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून दोनदा गुळण्या करा. बाजारातल्या तोंड धुवायच्या औषधाने तास-दोन तास वास झाकतो, त्यात अल्कोहोल असेल तर तोंड उलट कोरडे पडते.

दही-ताक काय करते आणि काय करत नाही

आता मूळ प्रश्न. प्रोबायोटिक म्हणजे शरीराला उपयोगी पडणारे जिवंत जंतू. ते योग्य प्रमाणात पोटात किंवा तोंडात गेले की वाईट जंतूंची जागा अडवतात. आपल्या घरचे विरजण हे अशाच जंतूंचे घर आहे.

जपानमधला एक छोटा प्रयोग २००५ साली जाहीर झाला. २४ जणांनी सहा आठवडे रोज दोन वेळा ९० ग्रॅम बिनसाखरेचे दही खाल्ले. त्यातल्या बहुतेकांच्या तोंडातला हायड्रोजन सल्फाइड वायू कमी झाला. न्यूझीलंडच्या संशोधकांनी निरोगी तोंडात सापडणारा एक जंतू निवडून त्याच्या गोळ्या केल्या. त्यांची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यांनी आधी औषधाने गुळण्या करायला लावून तोंड साफ केले आणि मगच त्या गोळ्या चघळायला दिल्या. आपल्या भाषेत सांगायचे तर हरळी न काढता पेरणी केली तर पीक हरळीचेच येते.

असे प्रयोग थोड्या माणसांवर आणि थोड्या दिवसांसाठी झालेले आहेत. त्यामुळे दही हा पायरियावरचा इलाज आहे असे कोणी सांगितले तर मानू नका. कडक झालेले कीट दह्याने निघत नाही, किडलेला दात ताकाने भरत नाही. साफ केलेल्या तोंडाला दह्याचा आधार मिळतो, एवढे खरे. आणि जुलाबावर देतात ती पुडी तोंडाच्या वासासाठी केलेली नसते. त्यावर पैसे घालू नका.

आपल्या घरांचा आणि दुधाचा इतिहासही विसरता येत नाही. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार-मांग वस्त्यांच्या खाण्याची नोंद केली आहे. त्या खाण्यात दूध-तूप जवळजवळ नव्हतेच. ज्याला जमीन नाही त्याच्या दारात दुभते कुठून येणार? म्हणून आम्ही 'रोज वाटीभर दही खा' असे सहज सांगून मोकळे होत नाही. पाव लिटर दुधाचे दही लावले तर घट्ट दही लेकरांना आणि बाकीचे ताक करून मोठ्यांना, असे चार जणांचे भागते.

दूध उकळा, बोट सोसेल इतके कोमट होऊ द्या, एक चमचा विरजण घालून हलवा आणि झाकून ठेवा. उन्हाळ्यात पाच-सहा तासांत लागते, थंडीत रात्रभर ठेवा. दुपारच्या जेवणात खा, साखर घालू नका. ताकाचा घोट तोंडात फिरवून मग गिळा आणि शेवटी साध्या पाण्याने चूळ भरा. फार आंबट दही दातांवर राहू देऊ नका.

एक गोष्ट बायकांना माहीत हवी. ताक उकळले की त्यातले जंतू मरतात. कढी चवीला चांगली, पण ती प्रोबायोटिक नाही. आंबीलही तसेच. ज्वारीचे पीठ शिजवून, थंड करून वरून ताक घातले तर जंतू जिवंत राहतात. महिनोन्‌महिने टिकणाऱ्या पाकिटातले ताक तापवून बंद केलेले असते, त्यातही ते नसतात. दूध पचत नाही अशा अनेकांना दही पचते, थोड्यापासून सुरुवात करा. कॅन्सरचे उपचार चालू आहेत किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, अशांनी प्रोबायोटिकच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

ताटात काय बदलायचे?

ज्वारीची भाकरी, काकडी, गाजर, मुळा, पेरू असे चावून खायचे पदार्थ लाळ वाढवतात. हिरड्यांना क जीवनसत्त्व लागते. ते आवळा, पेरू, लिंबू आणि शेवग्याच्या पाल्यात भरपूर आहे. मेथी, तांदूळजा, शेवग्याचा पाला आठवड्यातून तीन-चार दिवस करा.

कमी करायचा तो गोड चहा. दिवसातून सहा वेळा साखरेचा चहा आणि सोबत बिस्किट म्हणजे किडीला सहा वेळचे जेवण. चहा दोनदा घ्या आणि नंतर चूळ भरा. लेकरांना दुकानातल्या पाच रुपयांच्या पुडीऐवजी फुटाणे, शेंगा, बोरे द्या. आपल्या बालाघाटाच्या डोंगरातले सीताफळ जरूर खा, पण ते गोड आणि चिकट असते, म्हणून मागून पाणी प्या.

कांदा-लसणाचे काय? लसणाचा वास रक्तातून फुप्फुसात जातो आणि श्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणून ब्रश करूनही तो काही तास राहतो. तो आजार नाही. ठेचा-भाकरी सोडायची गरज नाही. सोबत दही घेतले तर तो वास काहीसा कमी होतो.

उपाशी पोटी फार वेळ राहिले तरी श्वासाला वास येतो. सकाळी कामाला जाताना चतकोर भाकरी तरी खाऊन निघा.

उसाच्या फडावर

दसरा-दिवाळीनंतर आपल्या जिल्ह्यातले हजारो कोयते पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कोपीत नळ नाही, संडास नाही. बाई पहाटे तीनला उठते, भाकरी टाकते आणि फडात जाते. आडोसा नाही म्हणून दिवसभर पाणीच पीत नाही. तोंड कोरडे, पोट रिकामे, झोप उडवायला मिश्री आणि भूक मारायला कोरा गोड चहा. वासाची सगळी कारणे एका कोपीत गोळा होतात. हा त्या बाईचा गलथानपणा नाही. पाणी आणि संडास देणे ही काम करून घेणाऱ्यांची जबाबदारी आहे. उचल ठरवताना मुकादमाकडे त्याची मागणी ठेवा आणि एकजुटीने ठेवा.

तोवर आपल्या हातात आहे तेवढे करू. पेटी भरताना प्रत्येकाचा ब्रश, पेस्ट आणि एक स्टीलचा चमचा जीभ साफ करायला टाका. रात्री झोपताना दात घासा, त्याला तांब्याभर पाणी पुरते. फडात प्रत्येकाची पाण्याची बाटली असू द्या. ऊस चघळला की चूळ भरा. आणि निघण्याआधी दात दाखवून घ्या, कारण फडावर दाढ सुजली तर खाडा पडतो आणि पैसा जातो.

दवाखान्यात कधी जायचे?

हिरड्यांतून रक्त किंवा पू येत असेल, दात हलत असेल किंवा तीन-चार आठवडे स्वच्छता करूनही वास जात नसेल, तर दंतवैद्याला दाखवा. "दात साफ केले की ढिले होतात" ही समजूत खोटी आहे. कीट काढल्यावर आधीच सुटलेला दात हलका वाटतो इतकेच. कीट काढले नाही तर तो दात पुढे पडतो.

हिरड्या वारंवार सुजत असतील तर शुगर तपासा. मधुमेहाने हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे शुगर आटोक्यात राहत नाही. मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो, उलट्या होतात, दम लागतो, तर त्याच घडीला दवाखाना गाठा. लघवीसारखा वास येत असेल आणि अंगावर सूज असेल तर मूत्रपिंडाची तपासणी करा. लेकराच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचे पाणी येत असेल तर चिंचोका, शेंगदाणा, मणी काहीतरी अडकलेले असते. घरी पिन घालून काढू नका.

दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल डाग, गिळायला त्रास, तोंडात आपलीच तीन बोटे उभी न जाणे, या कर्करोगाच्या किंवा त्याआधीच्या खुणा असू शकतात. त्या लवकर सापडल्या तर माणूस वाचतो. इथे लाज धरणे जिवावर बेतते.

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. बीडचे जिल्हा रुग्णालय त्यात येते. मोठ्या उपचारासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगरचे शासकीय दंत महाविद्यालय आहे. शाळा-अंगणवाडीत तपासणीचे पथक येते तेव्हा लेकरांचे दात बघायला सांगा, किडलेले दात त्या तपासणीत येतात.

चार आठवड्यांचा नेम

पहिला आठवडा : सकाळ-रात्र ब्रश, रोज जीभ साफ, खाल्ल्यावर चूळ.

दुसरा आठवडा : मिश्री-तंबाखू बंद करायचा दिवस ठरवा आणि घरात सगळ्यांना सांगा. घरातली तंबाखू बाहेर काढा. पाणी वाढवा.

तिसरा आठवडा : गोड चहा दोनवर आणा. दुपारी बिनसाखरेचे दही किंवा ताक सुरू करा.

चौथा आठवडा : घरातल्या माणसाला पुन्हा विचारा. वास गेला असेल तर नेम चालू ठेवा. गेला नसेल तर दंतवैद्याकडे जा, आणखी महिना वाट पाहू नका.

हे एकट्याने जमायला अवघड जाते. म्हणून प्रत्येक विहारात महिला मंडळाने एक रविवार दातांसाठी ठेवावा. आशाताईला बोलवा, आरसा आणि बॅटरी घेऊन एकमेकींचे तोंड बघा, ज्यांना दाखवायची गरज आहे त्यांची यादी करा आणि मिळून एका गाडीने दवाखान्यात जा. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आधीच हे झाले पाहिजे. त्यानंतर कोयते निघतात आणि सहा महिने वस्तीत म्हातारी माणसे आणि लेकरेच राहतात.

आणि घरात कोणाच्या तोंडाला वास येत असेल तर चारचौघांत हसू नका, तोंडही फिरवू नका. आजाराने घाणीत पडलेल्या भिक्खूला तथागतांनी आनंदाच्या मदतीने स्वतः धुतले होते. आपल्या माणसाला एकांतात, प्रेमाने सांगा आणि दवाखान्यात सोबत जा.

जय भीम! नमो बुद्धाय!